भांडारातले कार्ड आणि घरचे बियाणे



वार्षिक अहवाल हातात पडला की आपले बहुतेक सभासद तीन आकडे पाहतात. गाळप किती झाले, उतारा किती पडला आणि भाव किती निघाला. चौथा आकडा पाहणारे थोडे, पण जे पाहतात ते अगदी बोट ठेवून पाहतात. तो आकडा म्हणजे भांडारात पडून असलेल्या मालाचा. किन्हीराजा गटाच्या बैठकीत यंदा नेमका तोच निघाला. एक सभासद म्हणाले, "साहेब, वर्षानुवर्षे हात न लागणारे हे इलेक्ट्रॉनिक सामान कायले घेऊन ठेवता? भंगारात काढा, पैसा तरी मोकळा होईल." दुसऱ्यांनी भर घातली, "आता तर समृद्धी आपल्या तालुक्यातून गेली जी. इकडं नागपूर, तिकडं संभाजीनगर. लागलं तर गाडी पाठवा, सांजेपर्यंत सामान हजर."

प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांचा आहे आणि त्यावर व्याज चढते. लेखापरीक्षकही 'न हलणारा साठा' म्हणून शेरा मारतात आणि कलम ८२ खालच्या दोषदुरुस्ती अहवालात त्याचे उत्तर द्यावे लागते. तरीही भंगाराच्या निविदेत हे सामान सरसकट घालण्यास आमचा विरोध आहे. का ते या अंकात सविस्तर मांडतो.

आम्ही पडलो कृषी पदविकेची माणसे. कार्डांच्या भानगडीत तुम्ही कशाला पडता, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर असे की कारखाना थांबला म्हणजे सभासद इंजिनिअरला फोन करीत नाहीत, ऊस विभागाला करतात. तोडलेला ऊस फडात, भरलेली गाडी रस्त्यात, टोळी कोपीत बसून, मुकादम उचलीचा हिशेब काढतो आहे, आणि तोडचिठ्ठी आमच्या सहीची. तेव्हा भांडारातल्या कपाटाशी आमचा संबंध आहे आणि सभासदांचा तर आमच्याहून जास्त आहे.

आधी हे सामान म्हणजे काय ते सांगू. पूर्वी बॉयलरवर फायरमन काचेच्या नळीत पाण्याची पातळी डोळ्यांनी पाहून व्हॉल्व्ह फिरवीत असे. आज ड्रममधल्या पाण्याची पातळी, वाफेचा दाब, भट्टीतली हवा या सर्वांची मापे ४ ते २० मिलिअँपिअरच्या बारीक विजेच्या रूपाने एका पेटीत येतात. त्या पेटीला पीएलसी म्हणतात. १९६९ साली अमेरिकेत मोटारींच्या कारखान्यासाठी मॉडिकॉन कंपनीने अशी पहिली पेटी दिली. पुढे साखर धंद्यातही ती आली आणि आता गव्हाणीचा वेग, गिरण्यांवरचा भार, सेंट्रिफ्युगलची फेरी, सर्व तिच्यावर चालते. पेटीत ओळीने कार्डे बसवलेली असतात. एक कार्ड हाताच्या पंजाएवढे. पाण्याची पातळी वाचणारे कार्ड गेले तर बॉयलर स्वतःच्या सुरक्षेसाठी बंद होतो. बॉयलर बंद म्हणजे वाफ बंद, वाफ बंद म्हणजे टर्बाइन बंद, आणि मग गव्हाणीपासून पोत्यापर्यंत सगळेच ठप्प.

याचा हिशेब मांडून पाहू. दिवसाला २५०० टन गाळणारा कारखाना घेतला तर तासाला साधारण १०४ टन ऊस जातो. आठ तास बंद म्हणजे ८३३ टन ऊस मागे राहिला. तो ऊस वाया जात नाही, उद्या गाळला जातो, हे खरे. पण तोपर्यंत तो वाळतो आणि त्यातली साखर फुटू लागते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३५५० रुपये, असा रास्त व किफायतशीर दर ठरवला. त्या दराने ८३३ टनांत नुसती एक टक्का घट धरली तरी साडेएकोणतीस हजार रुपये झाले. वजनकाट्याच्या आधी ऊस वाळला तर नुकसान शेतकऱ्याचे. काट्यानंतर वाळला तर कारखान्याचे, म्हणजे फिरून शेतकऱ्याचेच. शिवाय त्याच दरपत्रकात १०.२५ च्या वर प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जादा धरले आहेत. शिळ्या उसाने उतारा खाली आला की ते पैसे आपोआप हातचे जातात. थंड पडलेला बॉयलर पुन्हा वाफेवर आणायला लागणारे बगॅस, बसून राहिलेले मजूर, रात्रभर कुडकुडणारे गाडीवान आणि बैल हे या हिशेबात आम्ही धरलेच नाही.

आता समृद्धी महामार्गाचे बोलू. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि ५ जून २०२५ ला सगळा ७०१ किलोमीटर रस्ता मुंबईच्या दारापर्यंत खुला झाला. आपल्या भागाचे भाग्य उजळले यात वाद नाही. बेअरिंग, पट्टा, मोटार, केबल अशा मालासाठी सभासदांचे म्हणणे आम्हाला पूर्ण मान्य आहे. तो माल आता भांडारात कमी ठेवला तरी चालेल, आणि तसा तो कमी करावा असे आम्हीही म्हणतो. पण रस्ता वेगवान झाला म्हणून रस्त्याच्या टोकाच्या दुकानात कार्ड येऊन बसत नाही. २०२१ साल आठवा. १९ मार्चला जपानमध्ये नाका येथील रेनेसास कंपनीच्या चिप कारखान्यात आग लागली. आधीच कोविडमुळे चिपांचा तुटवडा होता, त्यात ही भर. मोटारींचे कारखाने जगभर अडखळले आणि त्या व पुढच्या वर्षी पीएलसीच्या कार्डांनाही महिनोन्महिने वाट पाहावी लागली. गळीत हंगाम तर चार-पाच महिन्यांचा, आणि आपल्या भागात ऊस कमी पडला तर त्याहूनही आखूड.

दुसरी गोष्ट, ही कार्डे म्हातारी होतात. आपल्या दृष्टीने ती चांगली चालत असतात, पण बनवणारा ती बनवणे थांबवतो. अनेक कारखान्यांत दिसणारी सीमेन्सची एस७-३०० ही मालिकाच घ्या. कंपनीने ती टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली आहे आणि सुटे भाग देण्याची मुदत २०३३ पर्यंतची सांगितली आहे. त्यानंतर जुन्या बाजारात मिळेल ते, मिळेल त्या भावाने, आणि खरे की बनावट ते देव जाणे. अशा वेळी कपाटातले जुने कार्ड भंगाराच्या भावाने विकून तेच पुढे दसपट भावाने शोधत फिरणे याला काटकसर म्हणता येत नाही.

पण, आणि हा 'पण' मोठा आहे, कपाटात कार्ड आहे एवढ्याने ते सुटा भाग ठरते का? आमचे स्पष्ट मत आहे की नाही. इथे लेखापरीक्षकांचा शेराही अपुरा पडतो आणि सभासदांचा प्रश्नही. दोघेही विचारतात, किती लाखांचा माल आहे. विचारायला हवे ते हे की बसवला तर चालेल का.

वाशीम जिल्ह्याच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून ठेवायचे तर आपण काय करतो? मळणीला यंत्राचे फेरे कमी ठेवतो, कारण सोयाबीनची साल पातळ. पोते उंचावरून आपटत नाही. थप्पी उंच रचत नाही. ओल लागू नये म्हणून खाली लाकडी फळ्या टाकतो. आणि एवढे करूनही मृगाच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि सत्तर उगवतात का पाहतो. २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग पडला होता. पोती तीच, दाणेही दिसायला तसेच, पण जमिनीत गेले आणि जिरले. इलेक्ट्रॉनिक कार्डाचे अगदी तसेच आहे. वरून कोरे करकरीत, डब्यातले, बिलासकट. पण रात्री दोन वाजता पेटीत बसवले की मुके. सोयाबीनची उगवण कमी आली तर एकरी चार किलो बी वाढवून वेळ निभावता येते. कार्डाला ती सोय नाही.

ते मरते कशाने? पहिला शत्रू स्थिर वीज. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत टेरिकॉटचा सदरा अंगातून काढताना चटचट आवाज होतो, अंधारात ठिणगीही दिसते. माणसाला ती जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. नाजूक चिप शंभर व्होल्टच्या आतही दुखावते. म्हणजे जे आपल्याला कळतही नाही त्याने कार्ड जखमी होते, आणि बरेचदा लगेच मरत नाही, चार आठवडे चालून मग मान टाकते. म्हणून ते चंदेरी झाकपिशवीतच ठेवायचे. गुलाबी पिशवी स्वतः वीज निर्माण करीत नाही, पण बाहेरून येणारी अडवत नाही. हा फरक भांडारात फार थोड्यांना ठाऊक असतो. आणि किराण्याची प्लास्टिक पिशवी किंवा थर्माकोल म्हणजे तर शत्रूच्या घरी पोर ठेवण्यासारखे. कार्ड हाताळणाऱ्याने मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा. तो पट्टा फार महाग नसतो. महाग पडते ती सवय लावणे.

दुसरा शत्रू पावसाळा. पिशवीत सिलिका जेलची पुडी असते. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांचे पोट भरले समजावे (नव्या प्रकारात केशरीचे हिरवे होतात). ते भट्टीत तापवून पुन्हा वापरता येतात. पण पुडी वर्षानुवर्षे तशीच पडलेली असते आणि ती बदलणे हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते. वजनकाट्याच्या लोडसेलचेही तसेच. त्याच्या केबलचे टोक उघडे ठेवून लोडसेल फळीवर टाकला तर ओल केबलीतून आत चढते. हा भाग सभासदांच्या सर्वांत जिव्हाळ्याचा, म्हणून मुद्दाम सांगतो. काट्याचा लोडसेल किंवा दर्शक बदलला की वजनमापे खात्याकडून पुन्हा पडताळणी आणि मुद्रांकन करून घ्यावे लागते. ऐन हंगामात खराब सुटा भाग लावून तो दोनदा बदलायची वेळ आली, तर काटा बंद राहण्याचे तास दुप्पट आणि यार्डातली कुजबुज चौपट.

तिसरा शत्रू खास आपल्या धंद्यातला आहे. पांढरी साखर करायला आपण गंधक जाळतो, त्याचा वायू रसातून सोडतो. थोडा वायू हवेत राहतोच. मळीच्या टाक्या, सांडपाण्याचे तळे, प्रेसमडचे ढीग यांतूनही गंधकाचे वायू येतात. ही हवा तांब्याला आणि चांदीला खाते, आणि कार्डात तांबे-चांदी जागोजागी असते. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल सोसायटी ऑफ ऑटोमेशन या संस्थेने यासाठी ७१.०४ क्रमांकाचे मानक केले आहे. तांब्याची स्वच्छ पट्टी महिनाभर टांगायची आणि तिच्यावर चढलेला थर मोजायचा. थर ३०० अँगस्ट्रॉमच्या आत असेल तर हवा सौम्य. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. एवढे मोजायला प्रयोगशाळा लागते. पण घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी भांडारात आणि दुसरी गेस्ट हाउसच्या खोलीत टांगायला काहीच लागत नाही. महिन्याने दोन्ही शेजारी ठेवल्या की कपाट कुठे हलवायचे ते भांडारपालाला सांगण्याची गरज उरणार नाही.

उन्हाळ्याचे काय सांगावे! मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. दर दहा अंश वाढीला कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते असा ठोकताळा आहे. वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हमध्ये हे कपॅसिटर मोठाले असतात. त्यांची आणखी एक खोड म्हणजे वर्षाहून जास्त काळ विजेविना पडले की आतला थर कमजोर होतो. मग एकदम पूर्ण दाब दिला तर फुटतात. सहा महिने दावणीला बसलेला बैल आपण पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही, हळूहळू कामाला लावतो. ड्राइव्हलाही तसे हळूहळू वाढत्या दाबाने जागे करावे लागते. किती काळ पडला तर किती वेळ, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती पुस्तिका डब्यातच असते आणि डब्यातच राहते.

यावर काही सभासद म्हणतील की मग मोठे वातानुकूलित भांडार बांधायचा प्रस्ताव येतो की काय. तसे मुळीच नको. एक छोटी पक्की खोली, पत्र्याखाली नव्हे तर स्लॅबखाली, गंधकभट्टीपासून आणि सांडपाण्यापासून वाऱ्याच्या उलट बाजूला. एक साधा एसी. घट्ट दाराचे अर्थिंग केलेले लोखंडी कपाट. यापेक्षा जास्त जो मागेल त्याला जरूर प्रश्न विचारावेत. विक्रेते भीती घालून सगळीच कार्डे दोन-दोन घ्यायला लावतात, त्यालाही बळी पडू नये. जे गेल्याने सगळा कारखाना थांबतो, जे मिळायला महिने लागतात आणि ज्याच्यावाचून हाताने काम चालवता येत नाही, तेवढेच ठेवावे. बाकीचे, विशेषतः जी यंत्रे आपण काढून टाकली त्यांची कार्डे, तपासून खुशाल विकावीत. किन्हीराजाच्या सभासदांचा मुद्दा तेवढ्यापुरता बरोबर आहे आणि तो मान्य करायला आम्हाला संकोच नाही.

मात्र खर्चापेक्षा शिस्त मोठी. हंगामात घाईने काढलेले बिघडलेले कार्ड 'पाहू नंतर' म्हणून त्याच फळीवर परत जाते, आणि पुढल्या वर्षी तेच चांगले समजून बसवले जाते. हा प्रकार कोणत्याही कारखान्याच्या कोणत्याही जुन्या कामगाराला विचारा, तो हसेल. खराब मालाला लाल चिठ्ठी आणि वेगळा कप्पा, एवढ्याने तो थांबतो. चांगल्या कार्डावर खरेदीची तारीख, कोणत्या पेटीसाठी, आतल्या आज्ञावलीची आवृत्ती कोणती आणि शेवटची चाचणी कधी, हे लिहिलेले हवे. आणि दसऱ्याच्या सुमारास, बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी, प्रत्येक महत्त्वाचे कार्ड प्रत्यक्ष पेटीत बसवून चालवून पाहावे. हीच त्यांची गोणपाटातली उगवण चाचणी. नाहीतरी कारखाना बंद असतो, इन्स्ट्रुमेंट विभागाचे लोक असतात, वेळ असतो. पेट्यांमधली बसवलेली कार्डेही बंद हंगामात ओल खातात. पूर्वीचे लोक पेटीत ६० वॅटचा दिवा जळता ठेवीत. ती युक्ती अजून जुनी झालेली नाही.

शेवटी एक गोष्ट, जी फळीवर दिसतच नाही. नवे कार्ड म्हणजे कोरी पाटी. कारखान्याचा क्रम, कोणता व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा, पाणी किती खाली गेले की बॉयलर थांबवायचा, हे सगळे त्या पेटीच्या मेंदूत आज्ञावली म्हणून लिहिलेले असते. जुन्या पेट्यांत ती स्मृती एका छोट्या बॅटरीवर तगून असते. बॅटरी संपली आणि वीज गेली की पाटी पुसली. त्यामुळे आज्ञावलीची प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी, ती भरायची जुनी केबल आणि ते जुने सॉफ्टवेअर चालवणारा संगणक, हाही सुटा भागच आहे. त्याची नोंद भांडाराच्या वहीत असायला हवी. काही पुरवठादार आज्ञावलीला कुलूप घालून परवलीचा शब्द स्वतःकडे ठेवतात. पैसे आपण दिले, पेटी आपली, आणि किल्ली त्यांच्या खिशात. माणूस नोकरी सोडून गेला किंवा ते दुकानच बंद झाले, म्हणजे हंगामात कोणाच्या दाराशी उभे राहायचे? यापुढच्या प्रत्येक खरेदीच्या करारात आज्ञावलीची प्रत आणि परवलीचा शब्द कारखान्याच्या ताब्यात देण्याची अट असावी आणि ती पुरी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये, असे आम्ही सुचवतो. आज चालू असलेल्या पेट्यांचे परवलीचे शब्द मोहोरबंद पाकिटात कार्यकारी संचालकांच्या तिजोरीत हवेत. ते तिथे आहेत का आणि शेवटचे कधी पडताळले, हे येत्या वार्षिक सभेत एखाद्या सभासदाने उभे राहून विचारावे. प्रश्न लेखी आठ दिवस आधी आला तर उत्तर तयार ठेवायला सोपे जाईल.